चेहरे कार्डावर, नावं वहीत

डिसेंबर १९०५ सरत आलाय. मार्गशीर्ष संपून पौष लागायच्या बेतात आहे. तुम्ही काशीत, रामघाटासमोर, गंगेच्या पात्रात एका बजऱ्यावर, छपराच्या मोठ्या होडीवर, उभे आहात. शाल घट्ट लपेटून घ्या. पाण्यावरून येणारा वारा बोचरा आहे आणि सूर्य अजून पैलतीरावरच्या वाळूच्या वर आलेला नाही. मनगटावरच्या घड्याळाची काळजी करू नका. हिंदुस्थानची प्रमाणवेळ येत्या १ जानेवारीला सुरू व्हायची आहे, पण तिची रेखा इथून जवळच, मिर्झापूरच्या बाजूने जाते. काशीची स्थानिक वेळ आणि तुमचं घड्याळ यांत जेमतेम दोन मिनिटांचा फरक आहे. मुंबई मात्र ही नवी वेळ पत्करायला पुढे कैक वर्षं खळखळ करणार आहे.

बजऱ्याच्या छतावर लाकडी तिपाई रोवलीय आणि तिच्यावर कॅमेरा: चामड्याचा भाता, पितळी नळीत बसवलेलं भिंग, मागे घासलेली काच. फोटोग्राफर काळ्या कापडातून डोकं बाहेर काढतो आणि तुम्हाला खुणेने बोलावतो. कापडाखाली शिरा. आधी काही दिसणार नाही. डोळे अंधाराला सरावले की काचेवर रामघाट उमटेल, पण उलटा. गंगा वर, पायऱ्या खाली उतरत गेलेल्या, आणि देवळांची शिखरं तळाशी टेकलेली. डावं-उजवंही बदललेलं. पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे दोन उंच मिनार, ज्यांना काशीत धरहरा म्हणतात, प्रत्यक्षात तुमच्या उजव्या हाताला आहेत. काचेवर ते डावीकडे गेलेत आणि खाली लोंबताहेत. फोटोग्राफर हे रोज बघतो. त्याच्या मनात घाट आपोआप सरळ होतो.

तो किनाऱ्यावर न उभा राहता इथे पाण्यात का आलाय, हे एकदा नीट समजून घ्या. काशीच्या चित्र-पोस्टकार्डांचं सगळं गणित त्यात आहे. गंगा इथे उत्तरेकडे वाहते. वस्ती सगळी पश्चिमेच्या काठावर, पूर्वेच्या काठावर नुसती वाळू. म्हणजे घाटांचं तोंड उगवतीला. ऊन त्यांच्यावर सकाळीच पडतं. दुपार कलली की सगळा घाट स्वतःच्याच सावलीत बुडतो, आणि मग प्लेटवर काळोखाखेरीज काही येत नाही. शिवाय घाट इतका उंच आणि उभा आहे की पायऱ्यांवरून तो मावतच नाही. म्हणून उजेड पाठीशी घेऊन, नदीतून, सकाळी. सॅम्युएल बोर्नने १८६० च्या दशकात असेच फोटो काढले, आज हा माणूस तेच करतोय. काशीची जुनी कार्डं चाळलीत तर जवळजवळ प्रत्येक कार्डावर सकाळच सापडेल.

सूर्य वर आला. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे ऊन डावीकडून तिरपं येतंय आणि प्रत्येक पायरीची कड वेगळी दिसू लागलीय. आता घाटावरच्या माणसांकडे बघा. कंबरभर पाण्यात उभे राहून ते ओंजळ वर धरताहेत. त्यांचं तोंड थेट तुमच्याकडे आहे, तरी तुमच्याकडे कुणीही बघत नाही. सूर्य तुमच्या पाठीशी आहे. अर्घ्य त्याला दिलं जातंय आणि वाटेत काचेच्या प्लेटवर उमटतंय. फोटो काढून घेण्यासाठी उभी नसलेली इतकी माणसं, इतक्या स्पष्ट चेहऱ्यांनी, त्या काळात दुसरीकडे क्वचितच सापडतील.

फोटोग्राफर श्वास रोखतो. नावाडी बांबूवर भार देऊन बजरा स्थिर धरतो. शटर पडतं आणि उठतं. एवढ्यात पाण्यात उडी मारलेला पोरगा प्लेटवर पांढरा फराटा होऊन राहणार. डोळे मिटून जप करणारी म्हातारी मात्र सुरकुत्यांसकट येणार. या कॅमेऱ्याला स्थिर माणूस आवडतो, आणि घाटावर स्थिर बसतात ती वयस्कर माणसं. पुढे विलायतेतल्या दिवाणखान्यात कार्ड बघून कुणाला वाटेल, काशीत सगळे म्हातारेच राहतात. पोरं होती. ती फक्त हलत होती.

उतरण्याआधी बजऱ्यावरून एकदा डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. डावीकडे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० साली बांधलेला शिंदे घाट. त्याचं बांधकाम इतकं जड झालं की ते आपल्याच वजनाने खचलं. मग नागपूरकर भोसल्यांचा भक्कम दगडी घाट. इंग्रजी कार्डांवर आणि जुन्या फोटोंवर त्याचं नाव ‘घूसला घाट’ असं छापतात, त्यामुळे नागपूरच्या माणसाला तो आपला आहे हे कळतच नाही. मग गणेश घाट, अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचा हा दत्तक मुलगा १८०३ साली इंग्रजांशी तह करून सात लाखांच्या तनख्यावर पुणं सोडून उत्तरेत आला आणि इथे देऊळ, घाट बांधून राहिला. त्याच्या पुढे हा रामघाट, जयपूरच्या राजांनी बांधलेला असं सांगतात. चैत्रात रामनवमीला इथे स्नानाला पाय ठेवायला जागा नसते. रामघाटाला लागून ग्वाल्हेर दरबारातल्या जटारांचा घाट आणि ग्वाल्हेरच्या राजाचा घाट. पंचगंगेच्या पलीकडे दुर्गाघाट, पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांच्या नावाशी जोडलेला, आणि त्याच्या शेजारी ब्रह्माघाट. जेमतेम पाव कोसाच्या या पट्ट्यात नागपूर, ग्वाल्हेर आणि पुणं खांद्याला खांदा लावून उभं आहे. कार्डावर या सगळ्याला मिळून दोन शब्द मिळतात: घाट, बनारस.

चला, पायऱ्यांवर. दगड ओला आहे, जपून. बांबूच्या मोठ्या छत्रीखाली घाटियाची चौकी: उगाळलेलं गंध, लहानसा आरसा, जानव्यांची जुडी, आणि अंघोळीला गेलेल्यांचे कपडे राखायचं काम. चार पायऱ्या वर गेलात की कानावर मराठी पडेल. साताऱ्याकडचं एक जोडपं आलंय. त्रिस्थळी यात्रा चाललीय. प्रयाग झालं, काशी चालू आहे, गया राहिलीय. भुसावळ, इटारसी, जबलपूर करत आगगाडीने आलेत. बाईंच्या हातात तांब्याचा गडू आहे. गंगा भरून, तोंड झाळून तो घरी न्यायचा. मग मावंदं घालायचं, गाव जेवायला बोलवायचं, आणि तो गडू देवघरात पिढ्यान्‌पिढ्या राहायचा.

त्यांच्यासमोर उपाध्ये बसलेत.

“कुठले आपण?”

“साताऱ्याकडचे, गुरुजी.”

“गोत्र? गाव कुठलं मूळचं? आपल्यापैकी आधी कोण येऊन गेलंय?”

“आजे आले होते म्हणतात. पायी. आम्हाला काही ठाऊक नाही त्यातलं.”

उपाध्ये उठतात, आतून लांबट वही आणतात. कापडात बांधलेली, दोऱ्याने शिवलेली, कडांना तेलकट झालेली. बोट फिरत फिरत एका ओळीवर थांबतं. मोडीतली घाईत काढलेली अक्षरं: गावाचं नाव, शक, बरोबर कोण कोण होतं, आणि खाली आज्याची सही. गृहस्थांचं बोट त्या सहीवर अलगद टेकतं. ते काही बोलत नाहीत. बाई मागून वाकून विचारतात, “काय लिहिलंय हो?” तेव्हा कुठे त्यांना शब्द फुटतो. मग दौत पुढे सरकवली जाते आणि त्या ओळीखाली नव्या पिढीची ओळ लिहिली जाते.

हे दृश्य डोळ्यांत ठेवा आणि आता मागे वळून नदीकडे बघा. बजरा अजून तिथेच आहे. फोटोग्राफर दुसरी प्लेट लावतोय. एकाच घाटावर, एकाच सकाळी, दोन दफ्तरं भरली जाताहेत. उपाध्यांच्या वहीत नावं आहेत, चेहरे नाहीत. फोटोग्राफरच्या प्लेटवर चेहरे आहेत, नावं नाहीत. या दोघांची एकमेकांशी गाठ पडत नाही, आणि आपल्या इतिहासाचं एक मोठं नुकसान तिथेच झालंय.

अजून जरा वर चला. कोपऱ्यावर तीन-चार बायका अंगाचं मुटकुळं करून उन्हाला बसल्यात. मस्तकं वपन केलेली, डोक्यावरून विधवांचं लाल आलवण. या यात्रेला आलेल्या नाहीत, काशीवासाला आल्यात. कुणी पुण्याची, कुणी कोकणातली. काहींना भावाने आणून सोडलंय, काही आपणहून आल्यात. इथे मरण आलं तर मुक्ती, तोवर अन्नछत्र आणि पुराणश्रवण. त्यांच्यापैकी एकीचीही ओळ कुठल्याही वहीत नसेल. त्या फक्त कार्डावर आहेत, आणि तिथेही कशा आहेत ते संध्याकाळी कळेल.

संध्याकाळी फोटोग्राफरच्या अंधारखोलीत या. लाल काचेचा कंदील लावलाय. त्याच्या उजेडात तो बिनधास्त प्लेट उघडतो, कारण या प्लेटा लाल रंगाला आंधळ्या आहेत. निळा उजेड त्यांना फार लवकर दिसतो, म्हणून आकाश कोरं पांढरं येतं आणि ढग कधीच नसतात. लाल त्यांना दिसतच नाही, म्हणून लाल ते काळं. सगळे रंग बरोबर तोलणाऱ्या प्लेटा पुढच्या वर्षी, १९०६ साली, इंग्लंडमध्ये रॅटन अँड वेनराइट कंपनी बाजारात आणेल, आणि इथे त्या रुळायला आणखी काळ जाईल. थाळीतल्या द्रावात प्लेट हळूहळू जागी होते. काचेवर सगळं उलट, काळ्याचं पांढरं. पण कागदावर छाप काढल्यावर बघा: संन्याशाची भगवी छाटी काळपट, सवाष्णीचं कुंकू काळं, आणि कोपऱ्यातल्या त्या बायकांची आलवणं म्हणजे नुसते काळे ढीग. ज्या रंगाने त्यांचं सगळं आयुष्य आखलं गेलं, नेमका तोच रंग कॅमेऱ्याने गिळला.

पुढे छापखान्यात आणखी एक गंमत होईल. त्या काळातली कितीतरी हिंदुस्थानी कार्डं छापायला जर्मनीला जायची. तिथे काचेवर जिलेटिनचा थर देऊन कॉलोटाइप पद्धतीने बारीक, मऊ छटांची छपाई व्हायची. रंग वरून चढवायचे, आणि चढवणाऱ्याने गंगा कधी पाहिलेली नसायची. त्याच्यासमोर काळा-करडा फोटो. त्यात काळं लुगडं दिसलं तर तो त्याला निळं करी, हिरवं करी. आलवणाचं हिरवं लुगडं झालेलं कार्ड तुमच्या हातात आलं, तर ते रंग खरे मानू नका. चेहरा खरा आहे, पायरी खरी आहे.

छापून आलेली कार्डं बोटीतून परत मुंबई-कलकत्त्याला उतरतात. या धंद्यात मुंबईची क्लिफ्टन कंपनी आहे, कलकत्त्याचे जॉन्स्टन अँड हॉफमन आहेत, खुद्द बनारसमधले सईद ब्रदर्स आहेत. मळवलीला रविवर्मा प्रेस आहे, तिथल्या यंत्रांवर देवदेवतांच्या तसबिरींबरोबर कार्डंही निघालीत. मुंबईत चित्रकार धुरंधर कार्डांसाठी चित्रं काढताहेत. गिऱ्हाईक मुख्यतः गोरं. ते छावणीतल्या हॉटेलात उतरतं, पहाटे होडीतून घाट बघतं, दुपारी चार ओळी खरडून कार्ड विलायतेला टाकतं. विलायतेला एक आणा, देशात पाव आणा, म्हणजे रोकडा एक पैसा. फेब्रुवारीत प्रिन्स ऑफ वेल्स काशीला येणार आहे, तेव्हा मागणी आणखी वाढेल.

आणि याच आठवड्यात शहरात काँग्रेसचं अधिवेशन आहे. अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले, वय ३९. टिळकही आलेत. बंगालची फाळणी ताजी आहे आणि ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मराठी घरांतून स्वदेशीवर वाद रंगलेत. इथेच वाढलेला बाबूराव विष्णू पराडकर नावाचा बावीस वर्षांचा तरुण पुढच्या वर्षी कलकत्त्याला जाऊन हिंदी पत्रकारितेत शिरणार आहे. पुढे काशीच्या ‘आज’ दैनिकाचा संपादक म्हणून हिंदी जग त्याला आपला मानेल. कार्डाच्या धंद्याला यातल्या कशाचीच गरज नाही. त्याला छत्र्या, साधू आणि चिता हव्यात.

आता याच पायऱ्यांवर उभे राहा आणि वर्षं सरकू द्या. १९१६ चा उन्हाळा. इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईला निघालेला एक वीस वर्षांचा मुलगा वाटेत सुरतेला उतरून काशीला आलाय आणि दुर्गाघाटावर राहतोय. अन्नछत्रात जेवतो, दक्षिणेचे दोन पैसे मिळतात. संध्याकाळी गंगेकाठी बसून कविता लिहितो, आणि मनासारखी झाली की ती गंगेलाच वाहून टाकतो. बरोबर आलेला मित्र इथेच आजारी पडून गेला. वर्तमानपत्रात त्याने गांधींचं काशीतलं भाषण वाचलंय. जूनमध्ये तो त्यांच्या आश्रमात जाईल आणि जग त्याला विनोबा म्हणून ओळखेल. त्या महिन्यांत कुणी बजऱ्यावरून दुर्गाघाट टिपला असेल, तर पायरीवर वही घेऊन बसलेला एक किडकिडीत मुलगाही त्यात असू शकतो. खाली मात्र तेच छापलेलं असेल: घाट, बनारस.

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं तशी जर्मन छपाई बंद पडली आणि कार्डांचा दर्जा उतरला. १९२२ ला पाव आण्याचा अर्धा आणा झाला. मग १९४८. पंचगंगेवरचा एक मिनार कोसळला, माणसं दगावली, आणि दुसराही धोक्याचा म्हणून उतरवला गेला. ज्या धरहऱ्यावरून नावाडी लांबूनच काशी ओळखत, तो आकाशातून पुसला गेला. रामघाटासमोर नदीतून काढलेल्या फोटोची उजवी बाजू कायमची बदलली.

आता आपल्या काळात परत या. रामघाटाच्या वर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. राजेश्वरशास्त्री द्रविडांसारखे विद्वान तिथे होऊन गेले. २०२५ साली याच ठिकाणी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एकोणीस वर्षांच्या एका तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचं दंडक्रम पारायण पूर्ण केलं, तेव्हा त्याचे फोटो देशभर गेले. प्रत्येक फोटोखाली त्याचं नाव होतं, गाव होतं. १९०५ च्या घाटावर पाठांतर करत बसलेल्या पोरांना हे भाग्य मिळालं नाही.

ते आपण त्यांना काही अंशी मिळवून देऊ शकतो. तुमच्या घरात, आजीच्या ट्रंकेत, जुन्या पोथीच्या पानांत असं कार्ड निघालं, तर ते असं वाचा. धरहऱ्याचे दोन मिनार दिसत असतील तर फोटो १९४८ च्या आधीचा. तिकिटावर सातवा एडवर्ड असेल तर टपाल १९०२ नंतरच्या दहा वर्षांतलं, पंचम जॉर्ज असेल तर १९११ नंतरचं. पाठीमागे मजकुराला आणि पत्त्याला मध्ये रेघ असेल तर कार्ड बहुधा १९०२ नंतरचं. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायचा आणि निरोप चित्राच्या कडेला दाटीवाटीने बसवायचा. टपालाच्या शिक्क्यावरचं गाव आणि तारीख भिंगाखाली धरा. नदीतून बघताना मिनार उजवीकडे दूर असतील तर तुम्ही पंचगंगेच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात आहात.

दोन्ही बाजूंचा नीट फोटो काढा. कार्डावर पेनने काही लिहू नका, वेगळ्या कागदावर लिहा: हे कुणाच्या हाताने घरात आलं, त्या वर्षी घरातलं कोण काशीला गेलं होतं, मावंदं कधी झालं. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आजच विचारा, पुढच्या सुट्टीत नको. आणि काशीला जाल तेव्हा दर्शन आणि नौकाविहार यांत दिवस संपवू नका. आपल्या घराण्याच्या उपाध्यांचा पत्ता काढा, वही उघडायला सांगा, शक आणि नावं उतरवून घ्या. मग ते नाव आणि ते कार्ड शेजारी ठेवा. वर्षं जुळली, तर शंभर वर्षांपूर्वी दोन वेगळ्या माणसांनी भरलेली ती दोन दफ्तरं पहिल्यांदा एकत्र येतील. छापणाऱ्याने चित्राखाली टाकलेल्या दोन शब्दांच्या जागी खरी ओळ लिहायचा हक्क आपलाच आहे, आणि ते कामही आपल्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही.